दगडाला दिलेले दहीपोहे

बत्तीस वर्षांच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणता दरोडा कोणत्या ठाण्यातला, कोण कुठे सापडला, सगळ्याची खिचडी झाली आहे. पण एका दगडाच्या चोरीचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं. त्यात कुणी मेलं नाही, कुणाला शिक्षाही झाली नाही. तरी निवृत्तीनंतर बनशंकरीच्या बाजारातून भाजी घेऊन येताना वाटेत तो पिंपळ लागला की माझी पावलं हळू होतात. त्या प्रकरणातलं एक माणूस आता हयात नाही, बाकीची आहेत, म्हणून नाव कुणाचंच सांगत नाही.

मी मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि पोटासाठी खाकी. बेंगळुरूला बदली झाल्यापासून मराठी फक्त घरात आणि मंडळाच्या गणपतीत बोलायची. त्यामुळे एका सोमवारी सकाळी ठाण्यात हजेरी घेऊन खुर्चीत बसतो न बसतो तोच बाहेरच्या बाकावरून अस्सल सांगलीकडचं मराठी ऐकू आलं, तेव्हा मी मान वर केली. एक म्हातारे गृहस्थ मोबाइलवर मुलाला सांगत होते, "तू व्हाइटफील्डहून निघून इथे पोचेपर्यंत दुपार होईल. मी तक्रार देतो आणि घरी जातो. काळजी करू नकोस."

मी त्यांना आत बोलावलं. वय चौऱ्याहत्तर, हातात काठी, दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. सरकारी नोकरीत भूशास्त्रज्ञ होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. यांना मी इथे काका म्हणतो. काका रिक्षाने एकटेच आले होते आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "साहेब, माझा अमोनाइट गेला."

मला वाटलं कुत्रा असेल.

मग त्यांनी मला आणि आमच्या रायटरला, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या हवालदाराला, अर्धा तास शिकवणी दिली. फार पूर्वी समुद्रात शंखात राहणारा एक प्राणी होता, माकुळाच्या लांबच्या भावकीतला. त्याचे दगड झालेले शंख म्हणजे अमोनाइट. बहुतेकांचे शंख जिलेबीसारखे गुंडाळलेले असतात. आपण शाळिग्रामात जे चक्र बघतो ते याच प्राण्याचं. पण त्यांच्यातल्या काही जातींनी वेटोळं सोडून दिलं. कुणी सरळ काठीसारखं वाढलं, कुणी आकड्यासारखं. असे अख्खे सापडणं दुर्मीळ. काकांचा दगड दीड वीत लांब होता. एका टोकाला घट्ट वेटोळं, मग वेटोळं सुटून सरळ दांडा, आणि शेवटी पुन्हा आत वळलेला आकडा. तामिळनाडूत त्रिचीच्या पलीकडे जो उजाड, घळींचा माळ आहे तिथे तो मिळाला होता. तिथे एकेकाळी समुद्र होता, असं काका म्हणाले.

रायटरने पेन उचललं आणि विचारलं, "सर, किंमत काय लिहू?"

"दहा कोटी," काका म्हणाले.

रायटरचं पेन थांबलं. काका चिडले. "वर्षं हो. दहा कोटी वर्षं. किमतीचं मला काय माहीत?"

मी तक्रार दाखल करून घेतली. खरं सांगायचं तर घेतली ती मराठी माणूस म्हणून. कुणी दुसरा असता तर रायटरने त्याला 'घरातच नीट शोधा' म्हणून परत पाठवलं असतं, आणि या प्रकरणात ते चाललंही असतं.

घर मी स्वतः जाऊन पाहिलं. जुना बैठा बंगला, अंगणात दोन नारळ. हॉलमध्ये काचेचं कपाट, त्यात कापसावर ठेवलेले दगड आणि प्रत्येकापाशी बारीक अक्षरातली चिठ्ठी. मधल्या खणात कापूस दबलेला होता आणि चिठ्ठी तशीच होती. कपाटाला लागूनच देवघर. कुलूप नव्हतंच. खिडक्या शाबूत, कडी शाबूत, बाकी काही हललेलं नाही. चोर बाहेरून आलेला नाही हे शाळकरी पोरालाही कळलं असतं.

घरात माणसं तीनच येत-जात होती. काका, त्यांच्या पत्नी आणि अण्णा. मोलकरीण दोन आठवडे गावी गेलेली.

अण्णा म्हणजे काकांच्या नोकरीतला जीपचा ड्रायव्हर. दोघांनी मिळून पंचवीस वर्षं माळरानं तुडवली होती. ड्रायव्हर असून त्याची नजर अशी बसली होती की साहेब लोक नकाशा उघडेपर्यंत हा दोन दगड वेचून बॉनेटवर ठेवायचा. निवृत्तीनंतरही दोघं काकांच्या जुन्या गाडीतून स्वखर्चाने भटकत. आणि दर रविवारी सकाळी अण्णा काकांकडे यायचा. नाश्ता करायचा, मग दोघं अंगणात बसून सुईने आणि टूथब्रशने दगड साफ करायचे. काकूंना तो अक्का म्हणायचा.

"त्याच्यावर संशय?" मी विचारलं.

"त्याच्यावर घ्यायचा तर आधी माझ्यावर घ्या," काका म्हणाले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात आठवड्याचं चित्रण होतं. रविवारी अकराच्या सुमारास अण्णा एक जड कापडी पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसला. बाकी दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याची गाडी आणि पहाटे फुलांची परडी घेऊन देवळाकडे जाणाऱ्या काकू, रोजच्या रोज. मी ती फीत पुढे पळवली. कॅमेऱ्यावर माझा आधीपासून राग आहे. तो सगळं दाखवतो आणि काय बघायचं ते सांगत नाही.

मंगळवारी खबर आली. काकांच्या गल्लीच्या टोकाला एक सुतार बसायचा. आमच्या बीटवरच्या हवालदाराबरोबर बाय-टू कॉफी पिताना, म्हणजे एकाच कपाची दोघांत वाटणी करताना, तो सहज बोलून गेला की त्या ड्रायव्हरने त्याच्याकडून महिन्यापूर्वी सागवानी पेटी करून घेतली आहे. दोनेक वीत लांब, आत मखमल, आणि तळाला एक विचित्र आकाराची खाच. मापासाठी कागदावर काढलेली आकृती दिली होती. एका टोकाला वेटोळं, मग दांडा, मग आकडा.

सुताराला ठाण्यात बोलावलं तेव्हा त्याने तीच आकृती बोटाने माझ्या टेबलावर काढून दाखवली. आता कुणाही पोलिसाच्या डोक्यात जे येईल तेच माझ्या डोक्यात आलं.

बुधवारी दुपारी मी दोन पंच घेऊन अण्णाच्या घराची झडती घेतली. आमच्याकडे पंचनाम्याला महजर म्हणतात. अण्णाचं घर एका अरुंद गल्लीत, दोन खोल्यांचं. जीप गल्लीत शिरली तेव्हा नळावरच्या बायका बाजूला झाल्या आणि मग त्या तिथून हलल्याच नाहीत. अण्णाची सून दारात तांदूळ निवडत होती. ती ताट घेऊन आत गेली आणि झडती संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अण्णा मात्र आवाज चढवून म्हणत होता, "शोधा, सर, नीट शोधा. खाटेखाली पण बघा."

खाटेखालीच पेटी सापडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कोरी करकरीत, रिकामी.

"ही कशाला?"

"सरांना पंचाहत्तरी लागेल तेव्हा द्यायला. त्यांना माहीत नाही."

"आणि रविवारी पिशवीत काय होतं?"

"नारळ. अक्कांनी दिले, त्यांच्या झाडाचे."

मी काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "असतील. मला आता आठवत नाही."

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ज्या घरातून डब्यात किती चकल्या गेल्या हे बाई वर्षभराने सांगू शकते, त्या घरच्या बाईला तीन दिवसांपूर्वीचे नारळ आठवत नाहीत. पण माझ्या हातात पेटी होती, आणि हातात पुरावा असला की पोलिसाचे कान काम करीत नाहीत.

पेटी घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी तिच्या खाचेतून बोट फिरवलं. वेटोळं, दांडा, आकडा. मग म्हणाले, "माप कधी घेतलं त्यानं? मला न विचारता?" आणि नंतर, मी काही विचारलं नव्हतं तरी, बोलले. "दगड त्याला दिसला होता, साहेब. मला नाही. मी गाडीच्या सावलीत पाणी पीत होतो. चिठ्ठीवर मी माझं नाव लिहिलं. आमच्या खात्यात ड्रायव्हरचं नाव कधी कुणी लिहीत नसे, तीच सवय. गेल्या महिन्यात त्यानं विचारलं, सर, चिठ्ठीवर माझं नाव कधी येणार? मी हसलो आणि विषय बदलला." मग मान खाली घालून म्हणाले, "त्याला विचारा काय ते. माझ्यासमोर नको."

काकू तिथेच होत्या. त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला आणि सगळीकडे पाणी झालं. मला वाटलं, वय झालं.

गुरुवारपासून तीन दिवस मी अण्णाला नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. सकाळी दहाला यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी सही करून जायचा. अंगाला कुणी हात लावला नाही, पण ठाण्याच्या बाकावर तीन दिवस बसणं ही काय चीज आहे हे बसलेल्यालाच माहीत. शेजारी पाकीटमार, समोर दारू पिऊन पडलेला, आणि रस्त्याने जाणारा ओळखीचा प्रत्येक माणूस आत डोकावून जातो.

चौकशी कन्नडमध्ये झाली, इथे मराठीत देतो.

"चिठ्ठीवर नाव नाही म्हणून राग होता?"

"होता."

"मग घेतलास?"

"नाही."

"मग कुणी घेतला?"

यावर तो गप्प. बुधवारी झडतीच्या वेळी आवाज चढवणारा माणूस गुरुवारी सकाळी आला तो तोंडाला कुलूप लावूनच. माझा अनुभव असा की एका रात्रीत माणूस मुका झाला तर त्याला एक तर वकील भेटला किंवा सत्य सापडलं. वकील त्याला परवडणारा नव्हता. म्हणजे सत्य, इथपर्यंत मी बरोबर होतो. पुढचं सगळं चुकीचं.

"तुला माहीत आहे," मी शनिवारी टेबलावर हात आपटून म्हणालो.

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "माहीत असलं तर सांगायलाच पाहिजे असं कायद्यात आहे का, सर?"

"आहे."

"मग लिहा, ड्रायव्हर काही बोलत नाही. सरी? ठीक?"

रायटरने ते लिहून घेतलं. एसीपी साहेबांचा फोन आला की म्हातारा तक्रारदार आहे, पेटी सापडली आहे, सोमवारी अटक दाखवून मोकळे व्हा. मी होय म्हणालो. पण त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या महिला हेड कॉन्स्टेबलला साध्या कपड्यात अण्णाच्या मागावर सोडलं. ती बाई हुशार होती. मंगळुरू बाजूची, कमी बोलणारी. दगड तो नक्की कुठेतरी जाऊन बघणार, एवढाच माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी साडेसातला तिचा फोन आला. "सर, स्वल्प इल्ली बन्नी. जरा इकडे या."

बनशंकरीच्या त्या भागात बागेच्या मागे एक अश्वत्थकट्टा आहे. पिंपळ, भोवती दगडी पार, आणि पारावर ओळीने नागरकल्लू, म्हणजे नाग कोरलेले दगड. बेंगळुरूत अशा कट्ट्यावर लोक दूध, हळद वाहतात, आणि घरातले फुटलेले देव, तडा गेलेल्या तसबिरी गुपचूप आणून ठेवतात. हेड कॉन्स्टेबल फुलवालीपाशी उभी होती. म्हणाली, "अण्णा सहा वाजता आला, पारापाशी हात जोडून उभा राहिला आणि गेला. फुलवाली म्हणते, गुरुवारपासून रोज येतो. त्याआधी इतक्या वर्षांत हा माणूस कधी कट्ट्यावर चढला नव्हता."

मी चप्पल काढून वर चढलो. ओळीतले सगळे दगड मी दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा पुढे गेलो. तिसऱ्या वेळी थांबलो. दोन मोठ्या नागांच्या मधे एक लहान नाग होता. हळदीने पिवळाजर्द, कपाळाला कुंकू. एका टोकाला वेटोळं, मग दांडा, मग फण्यासारखा आकडा. हळदीखाली अंगावर बारीक कंगोरे होते. काकांनी दिलेल्या फोटोतले.

पहिला विचार अर्थातच असा की चोराने जागा झकास निवडली. मी फुलवालीला विचारलं, हा कुणी ठेवला?

"हे नवे नागप्पा," ती म्हणाली. "मागच्या सोमवारी एक अज्जी ठेवून गेल्या. अंधारच होता. मी टोपली मांडत होते. खण पसरला, त्यावर ठेवलं, पाया पडल्या. आणि दही-अवलक्की ठेवली."

"दूध?"

"दूध नाही, सर. दही-अवलक्की. नागप्पाला कुणी अवलक्की ठेवतं का? मी बोलले नाही. कावळ्यांनी खाल्ली."

अवलक्की म्हणजे पोहे. मी पारावर तसाच बसलो. हेड कॉन्स्टेबल माझ्याकडे बघत राहिली, कारण तिला त्यात काही वाटलं नव्हतं. वाटणारही नव्हतं. पण मी निपाणीचा. आमच्या घरी गणपती हलवताना आई त्याच्या हातावर दहीपोहे ठेवायची, वाटेत भूक लागली तर म्हणून. शिदोरी. घरातून देवाला निरोप देताना आपण दहीपोहे देतो. त्या अज्जीने नागाची पूजा केली नव्हती. तिने देव बोळवला होता.

मग फीत पुढे पळवलेली ती पहाट आठवली. फुलांची परडी घेऊन जाणारी म्हातारी बाई कुणालाच दिसत नाही. मलाही दिसली नव्हती.

अकरा वाजता मी साध्या कपड्यात, चालत, काकांच्या घरी गेलो. काका औषध घेऊन झोपले होते. त्या रविवारी अण्णा अर्थातच आला नव्हता. काकू एकट्याच वाटाणे सोलत होत्या. मी समोर बसलो आणि चार शेंगा सोलून दिल्या. मग म्हणालो, "काकू, आमच्याकडे निपाणीला दहीपोह्यांत साखर घालतात. तुम्ही घालता की मिरची?"

त्यांनी शेंग खाली ठेवली. पदराचा काठ हातात धरला.

"मिरची," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी साखर घातली. रागावून जाऊ नये म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. शाळिग्रामाचं चक्र आणि अमोनाइट एकच, हे त्यांना काकांनीच कौतुकाने शिकवलं होतं. लग्नात माहेरून आणलेला शाळिग्राम त्या रोज पूजत आल्या होत्या. मग काकांनी हा दगड मागच्या खोलीतून आणून देवघराशेजारच्या कपाटात ठेवला. काकूंनी पाहिलं, चक्र सुटलेलं. भंगलेला देव. भंगलेला देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात किंवा झाडाखाली ठेवतात. महिन्याभरात काकांना झटका आला. त्या बोलल्या असत्या तर काका हसले असते. म्हणून बोलल्याच नाहीत.

"मला वाटलं, रविवारपर्यंत त्यांचं लक्षही जाणार नाही. तर उठल्या उठल्या कपाटाकडे गेले आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात रिक्षा करून तुमच्याकडे. अण्णांचं नाव येईल असं स्वप्नातही नव्हतं, साहेब. तुमचा फोन आला तेव्हा इतकी घाबरले की दिलेले नारळसुद्धा आठवेनात."

"आलं तेव्हा का नाही बोललात?"

"डॉक्टर म्हणालेत, धक्का बसता कामा नये. ते मला म्हणाले असते, पन्नास वर्षं तू माझ्याबरोबर राहिलीस आणि एवढंही शिकली नाहीस?" त्यांनी डोळे पुसले. "गुरुवारी पहाटे मी परत आणायला गेले होते. तिथे अण्णा उभे होते. बुधवारी झडतीनंतर संध्याकाळी तिथून जाताना त्यांना दिसला म्हणे. दगडाखालचा खण त्यांनी ओळखला, त्यांच्या सुनेला ओटी भरताना मी तसाच दिला होता. मला म्हणाले, अक्का, तुम्ही घरी जा. दगड इथे नीट आहे. सर बरे होऊ देत, मग बघू. मी म्हटलं, तुम्हाला आजपासून ठाण्यात बसवणार आहेत. तर म्हणाले, बसायला काय होतं, पंखा आहे."

मला तो बाक आठवला. त्याच्यावरचा पंखा चार महिने बंद होता.

दुपारी मी अण्णाला ठाण्यात नाही, कट्ट्यावर भेटलो. का गप्प बसलास, एवढंच विचारलं. सोमवारी अटक होणार होती, नाव जाणार होतं, सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. त्याने फार विचार न करता सांगितलं. "सर, कॅम्पवर आमची ताटं वेगळी असायची, साहेब लोकांची वेगळी. या घरी पहिल्या रविवारी अक्कांनी घरातल्या ताटात वाढलं. सरांच्या शेजारी. मी ताट धुवायला उचललं तर हातातून काढून घेतलं. तीस वर्षं झाली. त्या बाईंचं नाव मी तुमच्या वहीत कसं लिहू देऊ?"

माझ्या नोकरीत मला फार कमी वेळा लाज वाटली. त्या दिवशी वाटली.

कट्ट्याच्या पुजाऱ्याला विचारून आम्ही दगड उचलला. त्याला सगळी हकीकत कळल्यावर तो म्हातारा हसला. "शाळिग्राम फुटला तरी पूजेतून जात नाही. हे त्या अम्मांना कुणी सांगितलं नाही?" फुलवालीला मात्र वाईट वाटलं. नागप्पा आल्यापासून फुलं बरी खपत होती.

काकांना काकूंनी स्वतः सांगितलं. मी आणि अण्णा समोर होतो, मुलगा एका बाजूला बीपीचं यंत्र घेऊन बसला होता. काकांनी सगळं ऐकलं. त्यांना धक्का वगैरे काही बसला नाही. दगडावरची हळद अंगठ्याने पुसत ते काकूंना इतकंच म्हणाले, "अगं, हा भंगलेला नाही. हा असाच वाढला, असाच जगला. तुला सांगायचं राहिलं, ती चूक माझी." मग अण्णाकडे वळले. अण्णा म्हणाला, "सर, पेटी ठाण्यात जमा आहे, तेवढी सोडवा." आणि निघून गेला.

मी बी रिपोर्ट लिहिला, म्हणजे गैरसमजातून तक्रार झाली, गुन्हा घडलाच नाही, असा कोर्टाला द्यायचा अहवाल. एसीपी साहेब म्हणाले, म्हातारीवर खोट्या तक्रारीचं कलम लावा. मी म्हणालो, तक्रार म्हाताऱ्याची होती आणि ती खोटी नव्हती, दगड खरंच गेला होता. त्यांनी सही केली. पुढे रीतसर कागद होऊन पेटी परत मिळाली. कागदावर प्रकरण संपलं.

पण ज्या गल्लीत जीप गेली होती ती गल्ली कोर्टाचे कागद वाचत नाही. पुढच्या रविवारी सकाळी, नळावर गर्दी असते त्याच वेळी, मी पूर्ण गणवेशात तीच जीप त्याच गल्लीत नेली. काका पुढच्या सीटवर बसले होते. मागे बसणार नाही म्हणाले. आम्ही अण्णाच्या दारात उतरलो. मी टोपी काढून पायरीवर बसलो, काका माझ्या शेजारी बसले आणि मी मोठ्याने सांगितलं, "अण्णा, कॉफी पाज. चूक माझी झाली, ती सांगायला आलोय." बायका बघत होत्या, बघू दिलं. सून आतून स्टीलचे पेले घेऊन आली. या वेळी तिने आमच्याकडे तोंड केलं होतं.

काकांनी खिशातून एक नवी चिठ्ठी काढून अण्णाच्या हातात दिली. प्राण्याचं नाव, खडकाचं नाव, जागा, आणि खाली 'शोधणारा' या शब्दापुढे अण्णाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"मी तुझ्यावर संशय घेतला," काका म्हणाले.

अण्णाने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी न घालता वरच्या खिशात उभी ठेवली आणि म्हणाला, "सर, कॉफी थंड होईल."

त्यानंतरचे रविवार फार चांगले गेले. मीही अधूनमधून जाऊ लागलो, आणि निवृत्तीनंतर तर नेमाने. अंगणात तिघे बसायचो. मला सुई धरता येत नाही म्हणून माझ्याकडे फक्त टूथब्रश असायचा. माझ्या हातून एका शंखाचा टवका उडाला तेव्हा काका म्हणाले, "साहेब, याला कबुलीजबाब नकोय, हलक्या हाताने." काकू नाश्ता आणायच्या, तीन ताटं सारखी. आजही रविवारी सकाळी घरी चहा पिताना माझं मन त्या अंगणात जातं. तसे रविवार आता नाहीत.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं नव्या पोरांच्या ट्रेनिंगमध्ये मला विचारलं होतं. मी सांगितलं, गप्प बसणारा माणूस स्वतःलाच लपवतोय असं धरून चालू नका, कधी तो दुसऱ्याला पाठीशी घालत असतो. आणि चूक झाली तर ज्या रस्त्याने जीप नेली त्याच रस्त्याने, त्याच कपड्यांत परत जा. पोरांनी लिहून घेतलं. परीक्षेला ते येत नाही, हेही मी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. दिवस-वार झाल्यावर काकूंनी अण्णाला आणि मला बोलावून घेतलं. बाकीचे दगड एका कॉलेजला द्यायचे होते, पण तो एक अण्णाकडे जावा असं काका लिहून गेले होते. सागवानी पेटी टेबलावर होती, दगड खाचेत बरोबर बसलेला, वर चिठ्ठी. अण्णा नको नको म्हणत होता. त्याने शेवटी पेटी उचलली आणि दाराकडे वळला, तशा काकू म्हणाल्या, "थांबा, अण्णा."

त्या आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. दहीपोहे होते. चमचाभर त्यांनी पेटीच्या झाकणावर ठेवले, उरलेली वाटी अण्णाच्या हातात दिली.

"मागच्या वेळी चोरून पाठवला होता," त्या म्हणाल्या. "आता नीट पाठवते."

अण्णाने पेटी काखेत धरून तिथेच उंबऱ्याच्या आत उभ्याउभ्या दहीपोहे खाल्ले, सगळे. मग वाटी धुवायला मोरीकडे निघाला, तर काकूंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.